सितारामची जागा

१

शिरवण्याच्या दमयंतीचा हात मापाचा होता. परातीत तांदळाचं पीठ काढताना तिला वाटी लागायची नाही. नवऱ्याला, चांगदेवला दोन भाकऱ्या, मुलाला, निकेशला तीन, आपल्याला एक. सहा म्हणजे सहा. लेक रुतिका लग्न होऊन भिलाईला गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या हातानं दोन भाकऱ्यांचं पीठ आपसूक कमी काढलं होतं आणि ते बघून तिला चुलीपुढेच रडू आलं होतं. नेरूळच्या बाजारात पापलेट नुसतं हातावर धरून वजन सांगणारी ही बाई. तिचं पीठ चुकणार कसं?

पण त्या आठवड्यात ते चुकायला लागलं. सहा भाकऱ्या झाल्या तरी परातीच्या कडेला पेरूएवढा गोळा उरायचा. टाकायचा कशाला म्हणून ती त्याची चानकी थापायची, लहान पोरांना करतात तशी, तळहाताएवढी. घरात लहान पोर नव्हतं. चानकी टोपलीत सगळ्यांत वर ठेवून ती बाजारात जायची आणि दुपारी परत आल्यावर टोपलीत चानकी नसायची.

"तू खाल्ली काय रं?" तिनं निकेशला विचारलं.

"तीन खाऊन जातो आये. चौथी खाल्ली तर शर्टाची बटनं तुटतील."

चांगदेव तर सकाळीच डबा घेऊन तुर्भ्याच्या कारखान्यात गेलेला असायचा. मांजर असेल, दमयंती म्हणाली. आणि पीठ जास्त निघतंय ते आपलं चित्त ठिकाणावर नाही म्हणून. ते खरंच होतं. रुतिकाला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नको म्हटलं होतं. मग माहेरानंच उठून भिलाईला जायचं ठरलं. डिंकाचे लाडू झाले, बाळंतशेपा भाजून झाली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली. बाळाची पहिली अंघोळ आपल्या हातची, हे दमयंतीनं मनाशी पक्कं केलं होतं. सध्या ती जगत होती ती त्याच एका गोष्टीसाठी, असं म्हटलं तरी चालेल.

२

जायचं कसं, यात वाद नव्हता. शहाणा माणूस एवढ्या लांब रेल्वेनंच जातो, असं चांगदेवचं मत होतं, आणि घरात शहाणा कोण हेही त्याचं त्यानंच ठरवलेलं होतं. कल्याणला बसायचं, दुसऱ्या दिवशी दुर्गला उतरायचं, जावई न्यायला येणार. निकेशनं वाशीच्या खिडकीवर दोन तास रांग लावून तिकीट आणलं.

खिडकीवरच्या तिकिटावर नावं नसतात. फक्त बर्थचा नंबर, पुरुष की स्त्री आणि वय. निकेश मोठ्यानं वाचायला लागला. "एकवीस, पुरुष, एकावन्न. हे बाबा. बावीस, स्त्री, सत्तेचाळीस. ही आये. तेवीस, पुरुष, वीस. मी." तो थांबला. "चोवीस, पुरुष, सात."

"सात काय?"

"वय सात. हाफ तिकीट."

चांगदेव खो खो हसला. "घे! रेल्वेनं आपल्याला आदीच नातू दिला. तो पन चालता बोलता!"

निकेश मात्र वैतागला. खिडकीवरच्या माणसानं दुसऱ्या कुणाचं तरी पोर आपल्यात घातलं म्हणाला, उद्या जाऊन काढून आणतो. दमयंतीनं तिकीट हातात घेतलं. तिला वाचता यायचं ते जेमतेम, पण आकडे चांगले कळायचे. सातचा आकडा तिनं अंगठ्यानं झाकून बघितला. मग उरलेली तीन माणसं तिला कमी वाटली, जेवायला बसताना कुणाला तरी हाक मारायची राहून गेल्यासारखी, आणि ते वाटणं तिला मुळीच आवडलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी निकेश परत आला तो तोंड पाडून. तिकीट तसंच होतं.

"खिडकीवरच्यानं माझ्यापुढं फॉर्मचा गठ्ठा सोडला. माझा फॉर्म काढला. आये, चार नावं हायत. चौथं पन माझ्याच अक्षरात. मी लिहिलंच नाय! त्यानं फॉर्म तोंडासमोर धरला नि बोलला, साहेब, घरचं मानूस विसरता काय?"

"नाव काय लिवलंय?" चांगदेवनं विचारलं.

"सिताराम. हा सिताराम कोन आपल्यात?"

चांगदेवला ठाऊक नव्हतं. निकेशला ठाऊक नव्हतं. दमयंती सुकट निवडत बसली होती, तिनं सूप खाली ठेवलं. ती उठून बाहेर ओट्यावर गेली.

तिघांनी मिळून घर सोडायचं नाही, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. निघालेच तिघं, तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा आणि परतल्यावर जिथला तिथं ठेवायचा. सगळेच घेतात. पण दमयंतीची सासू मुक्ताबाई हे फार मनापासून करायची. दाराशेजारच्या कोनाड्यात तिनं ठेवलेला एक काळा गुळगुळीत गोटा होता, मुठीत मावेल एवढा. सात वर्षांपूर्वी निकेशला आजीजवळ ठेवून दमयंती, चांगदेव आणि रुतिका असे तिघं तिरुपतीला निघाले, तेव्हा म्हातारीनं तो निळ्या चौकड्याच्या रुमालात बांधून सुनेच्या हातात दिला होता. "याचं नाव सिताराम," असं तिच्या कानात म्हणाली होती. "नावानं हाक मारून न्यायचा नि नावानं हाक मारून आनायचा. दुसऱ्या कोनाला सांगू नको."

जाताना दमयंतीनं हाक मारली. येताना वाडी जंक्शनला गाडी बदलायची होती, डोक्यावर बोजा, हाताला तापानं गळालेली पोरगी, खांद्याची पिशवी फाटायला आलेली. तिनं पिशवीतून गाठोडं काढलं आणि फलाटाच्या बाकावर ठेवून दिलं. दगडच तर आहे, म्हणाली. आजवर ती स्वतःला सांगत आली की विसरला. ती विसरली नव्हती. गाडी सुटताना तिनं खिडकीतून बाकाकडे बघितलंही होतं.

घरी आल्यावर सासूनं विचारलं, "आनला काय?" दमयंती हो म्हणाली. वाटेत सिडकोच्या बांधकामाची खडी पडली होती, त्यातला एक काळा दगड उचलून तिनं कोनाड्यात ठेवला होता. म्हातारीची नजर गेलेली. तिनं दगडावरून हात फिरवला आणि हात पदराला पुसला. त्याच वर्षी ती गेली.

आत्ता ओट्यावर उभं राहून दमयंतीनं कोनाड्यात बघितलं. खडीचा दगड जागेवर होता, कोपरे धारदार, सात वर्षांत जराही न झिजलेला. तिनं मनाला समजावलं. म्हातारीनं निकेशला लहानपणी नाव सांगितलं असेल. पोरानं तंद्रीत लिहिलं असेल. वय सातच का लिहिलं, हा प्रश्न मात्र तिनं स्वतःला विचारलाच नाही.

४

"रेल्वेनं नाय जायाचं," तिनं जेवताना सांगून टाकलं. "गाडी करा. झहूरभाईला विचारा."

चांगदेवचा घास हातातच राहिला. "अगो, हजाराच्या वर किलोमीटर हाय! मोटारनं? दोन दिवस! कंबरडं मोडंल."

"मोडू दे."

"रेल्वेत झोपून जाशील रानीसारखी."

"मना झोपायाचं नाय. माज्या बाजूला कोन बसलंय त मना दिसलं पायजे. दार मी लावीन, माझ्या हातानं. रेल्वेत कोन कुठला चढतो, कोन कुठं बसतो..."

"कोन बसनार हाय?"

चोवीस नंबरच्या बर्थवर कोण बसणार हे ती कुठल्या तोंडानं सांगणार? पण ती हटली नाही. डब्यात त्याची जागा छापून आली होती. मोटारीत जागा कुणाची ते ती ठरवणार होती. चांगदेवनं दोन दिवस धुसफूस केली, निकेशनं "टेन्शन नको घेऊ, आये" असं दहा वेळा म्हणून पाहिलं आणि शेवटी तिकीट रद्द झालं. जुईनगरचा झहूर आपली पांढरी ॲम्बॅसिडर घेऊन शनिवारी सकाळी दहाला यायचा होता.

शुक्रवारी दुपारी तिनं जुईनगर स्टेशनजवळच्या बूथवरून रुतिकाला फोन लावला.

"आये, तू लवकर ये गो," रुतिका म्हणाली. "पोट लय जड झालंय. डॉक्टर बोलतात सगळं बरोबर हाय. पन आठ दिवस झाले, उठताना असं वाटतं धोंडा बांधलाय."

"पयल्या वेळेला वाटतंच तसं," दमयंती म्हणाली.

"आनि गंमत सांगू? मुलगा झाला तर नाव सुचलंय. सिताराम."

बूथच्या काचेबाहेर एक माणूस फोनसाठी ताटकळत उभा होता. दमयंतीनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

"असलं जुनाट नाव? कोनी सांगितलं तुना?"

"कोनीच नाय! मना पन हसू येतं. पन सारखं तेच येतं तोंडात. काल भांडी घासताना मी हाकच मारली, ये रे सिताराम..."

"मारू नको!" दमयंती एवढ्यानं ओरडली की बाहेरचा माणूस दचकला. मग तिनं आवाज खाली आणला. "हाक नको मारू, रुते. बाळाला जन्माआदी नावानं बोलवत नसतात."

असलं काही नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. रुतिका बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर दमयंतीला खरं तर भीती वाटायला हवी होती. तिला आला संताप. चूक माझी, टाकला मी, मग माझ्याशी बोल ना! माझ्या लेकीच्या पोटात शिरायला बघतोस? बूथपासून घरापर्यंत ती पुटपुटत, जवळजवळ पळत आली.

५

शनिवारी झहूर दहाला म्हणजे साडेदहाला आला. अर्धी आळी निरोप द्यायला जमली होती. सामान डिकीत गेलं. चांगदेव रुसल्यासारखा पुढे बसला, निकेश मागे उजव्या खिडकीशी, दमयंती डाव्या. मधली जागा रिकामी राहू नये म्हणून तिनं लाडवांचा डबा दोघांच्या मधे ठेवला आणि दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

झहूरनं गाडी चालू केली, चार हात पुढे नेली आणि थांबवली. खाली उतरून मागे गेला.

"चांगदेवशेठ, मागं काय भरलंय? टायर मडगाडला घासतोय."

डिकी उघडली. दोन बॅगा, एक पिशवी. एवढ्या सामानानं गाडी दबत नाही, झहूर म्हणाला, कालच वऱ्हाडाची सात माणसं नेली याच गाडीतून. तो चाकाशी वाकला. "स्प्रिंगचा पाटा गेला वाटतं. एक काम करा, सगळे उतरा जरा."

निकेश उतरला. गाडी तशीच. चांगदेव उतरला. गाडी तशीच, मागून बसलेली, पुढून नाक वर केलेली. आत एकटी दमयंती, सगळी मिळून पंचेचाळीस किलोची. तिनं हळूच बाजूला बघितलं. लाडवांचा डबा कलंडला होता. त्याच्या पलीकडे, निकेश उठून गेला त्या जागेच्या अलीकडे, सीटच्या रेक्झिनला एक खोलगट वाटी पडली होती. लहानशी. आणि ती भरून येत नव्हती.

दमयंती उतरली. तिचं दुसरं पाऊल जमिनीला लागलं आणि गाडी मागून कुंथून वर उठली, चांगली वीतभर.

"या अल्ला," झहूर म्हणाला.

तिनं एक पाय परत आत ठेवला. गाडी बसली. पाय काढला. गाडी उठली. आळीतली माणसं हसायला लागली, कुणीतरी म्हणालं, वैनी, लाडू कमी खा. चांगदेवही हसला. निकेश मात्र हसला नाही, तो आईच्या तोंडाकडे बघत होता.

दमयंतीला सगळं लख्ख कळलं. तिघं असोत की दहा असोत, रेल्वे असो की मोटार, तो गाडीला चिकटलेला नव्हताच. तो तिला चिकटलेला होता. बाकावर ठेवणारा हात तिचा होता आणि त्याच हाताला धरून तो भिलाईला निघाला होता. ती जिथं जाईल तिथं तो पोचणार. ती नाही गेली तर?

तिनं डबा उचलून निकेशच्या हातात दिला.

"तुमी दोघं जा. मी नाय येत."

एकच गलका झाला. चांगदेव चिडला, विनवणी केली, पुन्हा चिडला. दोन बाप्ये बाळंतपणाला जाऊन काय करणार, बाळाला सिगारेट देणार का, असं शेजारणीनं विचारलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दमयंती म्हणाली, रुतिकाची सासू आहे तिथं, चांगली बाई आहे. पहिली अंघोळ आता ती चांगली बाई घालणार होती. दुपटी तिनं उगाच दोनदा मोजून दिली.

"निकेश, इकडं ये." तिनं त्याला जवळ ओढलं. "मुलगा झाला त नाव कायपन ठेवा. त्ये नाय ठेवायाचं. तू तिथं असेपर्यंत त्ये नाव तिच्या तोंडून निघू द्यायाचं नाय. समजलं?"

"आये, सिताराम कोन हाय?"

"कोन नाय. धोंडा हाय."

गाडी निघाली. चाकं मडगार्डपासून चांगली मोकळी, एखाद्या रिकाम्या टॅक्सीसारखी हलकी पळाली. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत दमयंती ओट्यावर उभी राहिली. आळी पांगली. मग तिच्या मागे, उघड्या दारातून आत, बाजेच्या पट्ट्या करकरल्या.

६

तीन दिवस ती बाजारात गेली नाही. घराचा उंबरा ओलांडला तो फक्त पाण्यासाठी. बाज मधे दबलेली असायची. तिनं कपडे बाजेवर टाकले नाहीत, तिच्याकडे पाठही केली नाही. समोर पाट घेऊन बसली, सुकट निवडली, जाळं शिवलं, आणि बाजेकडे बघून मनात येईल ते बोलली. सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं बोलली. टाकला म्हणाली. हो, टाकला. जड होतास म्हणून टाकला. पोरगी हाताला होती, तुला धरू की तिला? आजही तेच करीन.

कुणी उत्तर दिलं नाही. दुपारच्या उन्हात एकदा तिला बाजेखाली निळ्या चौकड्याचा एक कोपरा दिसला, गाठ मारलेला. तिनं डोळे न मिटता बघितलं. गाठ तिचीच होती, जाळ्याला मारतात तशी दुहेरी. मग खिडकीवरून ढग गेला असेल, ऊन सरकलं आणि तिथं फरशीच होती.

चौथ्या दिवशी सकाळी नंदकुमार वाण्याचा निरोप आला, दुकानावर भिलाईचा फोन आहे. दमयंती दारातून बाजेकडे बघत म्हणाली, "हलायाचं नाय," आणि पळत गेली.

"मुलगी!" चांगदेव फोनवर रडत होता. "मुलगी झाली! दोघी बऱ्या हायत. झाली पन कशी, डॉक्टर बोलला शनिवारपासून बाईचं अंग एकदम मोकळं झालं!"

मग रुतिकाचा आवाज आला, थकलेला, रागावलेला. "आये, तू का नाय आलीस? गाडीतून उतरलीस बोलतात. माझ्या वक्ताला नाय आलीस तू."

दमयंतीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"मना गाडी लागते गो," ती म्हणाली.

"तुना? होडीत उभ्यानं जाळं वढनारी तू, तुना गाडी लागते?"

"आता लागते."

रुतिकानं तो विषय सोडला. "बारशाला तरी येशील?"

"तू घेऊन ये तिला. माज्यानं प्रवास व्हायाचा नाय आता." तिला पुढे पुष्कळ बोलायचं होतं. मुलीचं नाक कुणावर गेलंय, जावळ किती आहे, पहिली अंघोळ कुणी घातली. तिनं एवढंच विचारलं, "नाव काय सुचतंय?"

"काय नाय सुचत," रुतिका म्हणाली. "अगोदर एक होतं तोंडात, आता आठवत नाय."

वाटेनं येताना दमयंती रडली, अगदी मोकळी रडली, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता. दाराशी आल्यावर पदरानं तोंड पुसलं. कोनाड्यातला खडीचा दगड काढला आणि रस्त्यापलीकडच्या गटारात भिरकावून दिला. कोनाडा हातानं झाडला.

"मुलगी झाली," तिनं आत बघत सांगितलं. "तिथली जागा भरली. तुजी जागा ही. गुमान बसायाचं. दगड म्हून नेला होता, दगडच ऱ्हायाचं. मानूस व्हायाचं नाय. मी जिती हाय तवर उंबऱ्याभायेर पाय ठेवलास त याद राख. मी पन जात नाय, तू पन जात नाय."

बाजेच्या पट्ट्या एक एक करून वर आल्या. मागं ओट्यावर, दाराशेजारच्या कोनाड्यात, दगडावर दगड टेकल्याचा बारीक आवाज झाला. दमयंतीनं वळून बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढी हिंमतही आता उरली नव्हती.

तिनं चूल पेटवली, आधण ठेवलं, परात पुढे ओढली. पिठाच्या डब्यात हात घातला, तेव्हा बोटं नेहमीपेक्षा जास्त पीठ घ्यायला लागली. तिनं मूठ जागच्या जागी घट्ट आवळली. मग एक एक बोट सोडून जास्तीचं पीठ डब्यात परत पाडलं, अगदी कणभरसुद्धा मागे न ठेवता, आणि परातीत एका माणसाचं पीठ काढलं.